अडलेला वायपर आणि निरपराध मोटर

काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे परतत होतो. कन्नडचा घाट निम्मा चढून झाला असेल, तोच पाऊस कोसळू लागला. त्या वर्षातील तो पहिलाच मोठा पाऊस. गाडी १९९८ सालची मारुती ८००. इंजिन ठणठणीत, टायर नवे, ब्रेकची तपासणी आठ दिवसांपूर्वीच झालेली. वायपर सुरू केला. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही आर्म काचेच्या मध्यावर येऊन जे थांबले, ते थांबलेच. समोरून उतरणाऱ्या मालमोटारींचे दिवे ओल्या काचेवर फुटून पसरत होते. रस्त्याची कड कोठे संपते आणि दरी कोठे सुरू होते, हे सांगता येईना. शेजारी बसलेल्या पत्नीने खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसण्याचा प्रयत्न केला. पण तिचा हात तिच्या बाजूच्या काचेपर्यंतच पोहोचत होता आणि पाहायचे होते मला. अखेर रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि पाऊण तास बसून राहिलो.

पुढची कथा जुन्या गाडीच्या बहुतेक मालकांना ओळखीची वाटेल. शहरात आल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. निदान दोन मिनिटांत झाले : मोटर गेली. नवी मोटर बसवली गेली, वायपर चालू लागला, बिल चुकते केले. तीन आठवड्यांत ती नवी मोटरही बंद पडली आणि तिला जळका वास येऊ लागला. त्यानंतर ज्या वयस्क मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी मोटर उघडलीच नाही. बॉनेट वर करून त्यांनी मोटरपासून लिंक सुटी केली आणि वायपरचा आर्म हाताने फिरवून पाहण्यास मला सांगितले. तो जागचा हलेना. 'साहेब, मोटर मेली नाही, तिला मारलंय,' एवढेच ते म्हणाले.

त्या वाक्यात वायपरच्या दुरुस्तीचे निम्मे शास्त्र आहे. अडलेल्या वायपरचा दोष सर्रास मोटरच्या माथी मारला जातो, कारण मोटर बदलणे सोपे असते आणि तिची किंमत ग्राहकाच्या बिलात लावता येते. खरा अपराधी मात्र पुष्कळदा काचेच्या पायथ्याशी गंजून बसलेला, बोटभर लांबीचा पोलादी दांडा असतो. त्याला स्पिंडल म्हणतात. आधी दोष शोधायचा आणि मगच सुटे भाग घ्यायचे, हा क्रम पाळला तर पैसे वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोच दोष पुढच्या पावसात पुन्हा उभा राहत नाही.

पावसाळा चार महिन्यांचा, विश्रांती आठ महिन्यांची

वायपर अति वापराने झिजतो, हा समज कोकणात खरा ठरेल. रत्नागिरीच्या गाडीचा वायपर जून ते सप्टेंबर रोज राबतो. त्याचे रबर झिजते, पण सांधे मोकळे राहतात. आपल्याकडे उलट स्थिती आहे. या शहराचा वार्षिक पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मोजक्या दिवसांत पडणारा. उरलेले सात-आठ महिने वायपरला काही कामच नसते. मराठवाड्यातील वायपर बिघडतो तो बहुधा न वापरल्यामुळे.

या विश्रांतीच्या काळात काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, पाठोपाठ मोहोर झडतो. गाडी झाडाखाली उभी करण्याची आपली सवय. तो सगळा पाचोळा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत उतरतो आणि पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजवतो. बीड बायपास किंवा वाळूज रस्त्याची धूळ त्यावर थर चढवते. गाडी धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले तर त्यातील क्षार स्पिंडलच्या तोंडाशी पांढरे होऊन साचतात. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट तर हात लावू देत नाही. या उष्णतेने स्पिंडलमधील ग्रीसचा तेलकट अंश उडून जातो आणि मागे मेणासारखा चिकट गाळ उरतो. मग वळवाची एखादी सर येते. बुजलेल्या भोकांमुळे आत साचलेले पाणी स्पिंडलभोवती राहते आणि गंज धरू लागतो.

यात धातूंचाही एक खेळ आहे. स्पिंडल पोलादाचा असतो, तर तो ज्या नळीत फिरतो ती बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. दोन भिन्न धातू आणि मध्ये ओलावा असला की क्षरण वेगाने होते. क्षरणातून जी पांढरट पूड तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. दोहोंमधील फट केसाएवढी असल्याने ती पूड स्पिंडलला चारही बाजूंनी घट्ट आवळून धरते. पहिल्या पावसात खटका ओढला जातो, तेव्हा मोटरला काचेवरचे पाणी सारायचे नसतेच. तिला हा आवळलेला दांडा फिरवायचा असतो.

मोटर ते ब्लेड

वायपरची रचना एकदा समजली की बिघाडाची लक्षणे आपोआप अर्थपूर्ण होतात. बॅटरीकडून येणारा प्रवाह फ्यूजमधून खटक्यापर्यंत आणि खटक्यातून मोटरपर्यंत जातो. मोटर बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याच्या भिंतीवर किंवा काचेखालच्या पोकळीत असते. ती फार वेगाने फिरते, म्हणून तिच्या पुढे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा आणि त्यात अडकणारे एक मोठे दातेरी चक्र बसवलेले असते. या जोडीमुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. मंद वेगात वायपर मिनिटाला साधारण चाळीस ते पन्नास फेऱ्या करतो, तो यामुळेच. चक्राला जोडलेला छोटा क्रँक गोल फिरतो, लिंक रॉड त्या गोल गतीचे मागेपुढे होणाऱ्या गतीत रूपांतर करतात आणि स्पिंडल मागेपुढे वळतात. स्पिंडलच्या वरच्या टोकाला बारीक खाचा असतात. त्यांवर आर्म बसतो आणि नटाने आवळला जातो. लिंक रॉडच्या टोकांना गोळी आणि वाटी अशी सांध्याची रचना असते. वाटीत प्लॅस्टिकचे बुश असते. उन्हाने ते ठिसूळ होते आणि एके दिवशी गोळी वाटीतून निसटते.

मोटरला दोन वेग असतात ते तिच्यातील तीन कार्बन ब्रशमुळे. प्रवाह एका ब्रशमधून आला तर मंद गती, दुसऱ्यातून आला तर जलद. तिसरा ब्रश दोघांना सामाईक. दातेरी चक्राशेजारी आणखी एक स्वतंत्र संपर्कपट्टी असते. आपण वायपर मध्येच बंद केला तरी आर्म काचेच्या तळाशी जाऊनच थांबतात, ते या पट्टीमुळे. खटका बंद झाल्यावरही ती मोटरला तळ गाठेपर्यंत प्रवाह देत राहते.

वायपरच्या इतिहासात डोकावले तर एक गंमत आढळते. अमेरिकेतील मेरी अँडरसन या महिलेने काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट १९०३ मध्ये मिळवले, ते आतल्या दांड्याने हाताने चालवायचे होते. पुढे अनेक दशके पुष्कळ गाड्यांत वायपर चालत ते इंजिनच्या शोषणशक्तीवर. अॅक्सिलरेटर दाबला की ही शक्ती घटे, आणि नेमका चढावर वायपर मंद होई. विजेवरच्या मोटरने ती अडचण संपवली. थांबून थांबून पुसणाऱ्या वायपरची इलेक्ट्रॉनिक रचना रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात केली आणि तिच्या हक्कासाठी फोर्ड व क्रायस्लर या कंपन्यांशी ते पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात झगडले. आपल्याकडील साध्या जुन्या गाड्यांत ही सोय बहुधा नसेच.

आधी कान, मग पाना

तपासणी घरच्या अंगणातही करता येते. साहित्य थोडके लागते : पान्यांचा साधा संच, पकड, टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, आणि शांतता. शांतता यासाठी की पहिली तपासणी कानाने करायची असते. काचेवर पाणी ओतावे. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी, वायपर सुरू करावा आणि ऐकावे.

मोटर गुणगुणते पण आर्म हलत नाहीत, अशी स्थिती असेल तर प्रवाह पोहोचत आहे आणि दोष पुढच्या यांत्रिक भागात आहे. मोटर मोकळी, वेगाने फिरल्याचा आवाज येत असेल तर लिंकची गोळी वाटीतून निसटली असावी, किंवा दातेरी चक्राचे दात गेले असावेत. दबलेला, कण्हल्यासारखा आवाज येऊन तो थांबत असेल तर मोटर आडून बसली आहे. खटका लगेच बंद करावा. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते, आणि तो प्रवाह उष्णतेच्या रूपाने तिच्याच गुंडाळ्यांत मुरतो. काही मोटरींमध्ये अशा वेळी प्रवाह तोडणारी आपोआप चालणारी सोय असते. म्हणून दहा मिनिटांनी वायपर पुन्हा चालला तर आनंद मानू नये. थंड झालेली मोटर पुन्हा एकदा प्रयत्न करत असते, एवढाच त्याचा अर्थ.

एकच आर्म हलतो आणि दुसरा तसाच पडून राहतो, ही तक्रार सर्वांत स्वस्तात मिटणारी. प्लॅस्टिकच्या टोपीखालचा नट ढिला झालेला असतो. तो आवळून भागले तर उत्तम. आर्मच्या आतील खाचाच गुळगुळीत झाल्या असतील तर आर्म बदलावा.

आवाज मुळीच नसेल तर विजेच्या मार्गाने जावे, आणि सुरुवात फ्यूजपासून करावी. पुष्कळ गाड्यांत काचेवर पाणी उडवणारा पंपही त्याच फ्यूजवर असतो. तोही मुका असेल तर संशय बळावतो. फ्यूज जळालेला सापडला तर तेवढाच नवा घालावा, आणि तो का जळाला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्यूज बहुतेकदा अडलेल्या स्पिंडलनेच जाळलेला असतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची एक जुनी वाईट खोड आपल्याकडे आहे. असे केल्यावर जळायला फ्यूज उरत नाही, म्हणून वायरिंग जळते; आणि ते डॅशबोर्डच्या आत, आपल्या गुडघ्यांसमोर जळते.

फ्यूज चांगला असेल तर मोटरच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्पची एक वायर गाडीच्या स्वच्छ पत्र्याला, दुसरी प्लगमधील एकेका टोकाला. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. आर्म तळाला नेणाऱ्या पट्टीसाठीची वायर अनेक गाड्यांत चावी फिरवली की कायमच जिवंत असते. म्हणून दिवा लागला एवढ्याने खटका निर्दोष ठरत नाही. खटका चालू-बंद करताना दिवा ज्या टोकावर लागतो-विझतो ते टोक शोधले पाहिजे. असे एकही टोक सापडले नाही, तर दोष खटक्यात किंवा वाटेतील जोडात आहे. जुन्या गाड्यांत मोटरचा सगळा प्रवाह खटक्यातूनच जातो. त्याचे संपर्क कालांतराने काळवंडतात आणि मंद गती चालत नाही पण जलद चालते, असली अर्धवट लक्षणे दिसू लागतात. हीच लक्षणे एखादा ब्रश झिजल्यावरही दिसतात. दोहोंतील फरक टेस्ट लॅम्पच सांगतो.

दिवा नीट लागतो आणि तरीही मोटर गप्प, अशा वेळी मोटर काढण्याआधी एक वायर घेऊन मोटरच्या धातूच्या अंगाला थेट बॅटरीचे ऋण टोक जोडून पाहावे. मोटर धावू लागली तर ती निर्दोष आहे. तिचे अर्थिंग गंजले आहे. ते टोक काढून सँडपेपरने घासून पुन्हा आवळले की काम झाले. यासाठी मोटर बदललेल्या गाड्या आपल्या शहरात किती असतील, असा विचार मनात येतोच.

पान्याच्या मुठीने मोटरवर हलकेच टिचकी मारल्यावर ती चालू लागत असेल, तर ब्रश झिजले आहेत किंवा त्यांच्या खोबणीत अडकले आहेत. ब्रश बदलता येतात आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ते काम पूर्वी हमखास करत. आता मोटरच बदला असे सांगण्याकडे कल आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी लाखोंनी विकलेली गाडी असल्याने तिचे भाग मिळतात. फियाट किंवा अॅम्बेसेडर बाळगणाऱ्याने मात्र मूळ मोटर भंगारात देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

स्पिंडलची सुटका

निर्णायक तपासणी तीच, जी त्या मिस्त्रींनी केली. बॅटरीचे ऋण टोक काढावे. ही पायरी टाळू नये, कारण लिंकची हालचाल कात्रीसारखी असते आणि अचानक प्रवाह आला तर बोट जाते. मग मोटरच्या क्रँकपासून लिंक सुटी करावी. काचेवरून आर्म उचलून हाताने मागेपुढे फिरवावा. तो एका बोटाने फिरला पाहिजे. जोर लागत असेल तर दोष सापडला. दोन्ही बाजूंचे स्पिंडल वेगवेगळे तपासावेत. पुष्कळदा एकच अडलेला असतो. उलट बाजूची खात्री करायची तर बॅटरी तात्पुरती जोडून एकटी मोटर चालवून पाहावी. ती निर्वेध फिरत असेल तर तिला दोषमुक्त करावे.

आर्म काढण्यापूर्वी काचेवर ब्लेडच्या जागी चिकटपट्टी लावून खूण करावी, आणि काचेवर जाड टॉवेल पसरावा. आर्मची स्प्रिंग जोरदार असते. ब्लेडविना आर्म हातून सुटून काचेवर आपटला तर काच तडकते, आणि वायपरचे काम काचेच्या खर्चावर जाते. नट सुटल्यावरही आर्म खाचांना धरून बसलेला असतो. पेचकसाने उचकटू नये, पत्रा दबतो. नटाभोवती गंज काढणारा स्प्रे मारून थांबावे, आर्म हळूहळू डावीउजवीकडे हलवावा. न निघाल्यास छोटा पुलर वापरावा.

त्यानंतर काचेखालची जाळी काढून आतला पाचोळा उपसावा. आमच्या गाडीतून निघालेला कडुनिंबाचा काला एका घमेल्यात मावला नाही. पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करून त्यांतून पाणी ओतून पाहावे. लिंकसह स्पिंडलची चौकट बाहेर घेता आली तर काम सोपे होते. स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी स्प्रे मारून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे थोडे फिरवत सैल करावे. घाई येथे महाग पडते. ठोकावेच लागले तर नट स्पिंडलच्या टोकाशी बरोबर सपाट बसवून लाकडी ठोकळ्यावरून ठोकावे, नाहीतर आटे चेपतात आणि स्पिंडल बाद होतो. ज्योत वापरू नये. शेजारी रंग, रबर आणि वायरी असतात. फडके गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतले तरी ओतीव नळी पुरेशी प्रसरण पावते.

स्पिंडल बाहेर आला की बारीक सँडपेपरने चकचकीत करावा, नळी आतून कापडाने पुसून काढावी आणि चांगल्या प्रतीचे, उष्णता व पाणी सहन करणारे लिथियम ग्रीस भरून परत बसवावा. वरच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग फाटली असेल तर नवी घालावी. पाणी तेथूनच शिरते. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून वायपर मोकळा झाला की बरेच जण तेथेच थांबतात. तो स्प्रे गंज सैल करतो, पण वंगण म्हणून फार काळ टिकत नाही. महिन्याभरात स्पिंडल पुन्हा कुरकुरू लागतो. इंजिन ऑइलही वाहून जाते आणि धूळ मात्र धरून ठेवते.

लिंकचे बुश वेगळे मिळत नसेल तर दुकानदार पूर्ण लिंकेज घ्यायला सांगतो. वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींच्या या शहरात लेथवाल्यांची वाण नाही. जुन्या बुशचा नमुना दाखवला तर नायलॉनच्या सळईतून तसे बुश उतरवून देणारा कारागीर सापडू शकतो, आणि ते मूळ बुशइतके, कधी अधिकच, टिकते.

जोडणी करताना एक चूक टाळावी. आर्म बसवण्यापूर्वी मोटर एकदा चालवून खटका बंद करावा, म्हणजे ती आपल्या विश्रांतीच्या जागी येऊन थांबेल. मगच चिकटपट्टीच्या खुणेवर आर्म बसवावेत. हे विसरले तर पहिल्याच फेरीत ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटते किंवा दोन आर्म एकमेकांत अडकतात.

एवढे सगळे झाल्यावर रबराकडे वळावे. दोन उन्हाळे पाहिलेले रबर कडक होते आणि पाणी पुसण्याऐवजी काचेवर रेघा ओढते, शिवाय घर्षण वाढवून मोटरवर भार टाकते. ते मऊ करण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल चोळणारे भेटतात. काही दिवस रबर मऊ वाटते, मग फुगून फाटते, आणि काचेवर जो तेलकट थर उरतो तो रात्री समोरच्या दिव्यांत आंधळे करतो. साबणाच्या पाण्याने पुसावे, आणि तरी रेघा उठत असतील तर नवे घ्यावे.

घाटातच अडला तर

सर्व काळजी घेऊनही वायपर नेमका प्रवासात अडला, तर पहिले काम गाडी सुरक्षित जागी थांबवण्याचे. खटका बंद करावा. अडलेल्या मोटरला वारंवार चालू करून पाहिल्याने तीही जळते. फ्यूज गेला असेल तर त्याच क्षमतेचा फ्यूज रेडिओसारख्या बिनमहत्त्वाच्या जागेवरून काढून लावता येतो. निसटलेली लिंक बोटांनी वाटीत दाबून तारेने बांधली तर घरापर्यंत साथ देते.

काचेवर विडीची तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळण्याचा उपाय मालमोटारीच्या चालकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो निव्वळ थोतांड नाही. त्या रसाने काचेवर पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाण्याचा सपाट पापुद्रा पसरतो आणि काही मिनिटे समोरचे ओळखू येते. रिमझिम पावसात, सपाट रस्त्यावर, हळू वेगात पुढच्या गावापर्यंत जाण्यास तो पुरेल. मुसळधार पावसात नाही. दुसरा उपाय दोरीचा : मोटरपासून लिंक सुटी करून दोन्ही आर्मना दोऱ्या बांधायच्या, त्या दोन खिडक्यांतून आत घ्यायच्या आणि शेजारच्याने आळीपाळीने ओढत राहायचे. मेरी अँडरसनच्या काळात परत जाण्याचा हा प्रकार. पण स्पिंडल गंजून बसला असेल तर दोरीही हतबल ठरते. कन्नडच्या घाटात तर थांबणेच शहाणपणाचे. ऑगस्ट २०२१ मध्ये अतिवृष्टीने तेथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. अशा रस्त्यावर पुढचे न दिसता गाडी हाकणे म्हणजे दरड आणि दरी दोन्हींशी पैज लावणे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार समोर काच असलेल्या गाडीला चालू स्थितीतील वायपर बंधनकारक आहे, आणि १५ वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवताना होणाऱ्या तपासणीत तोही पाहिला जातो. तपासणी बहुधा कोरड्या दिवशी होते, ही गोष्ट वेगळी.

आमच्या ८०० मध्ये त्या मिस्त्रींनी बसवलेली मोटर म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याने 'गेली' म्हणून डिकीत टाकलेली जुनीच मोटर होती. तिचे ब्रश बदलले, स्पिंडल मोकळे झाले, आणि ती आजतागायत चालते आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की स्पिंडलच्या तोंडाशी ग्रीसचे बोट फिरवतो, पानगळ संपली की जाळी झाडतो, आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला काचेवर तांब्याभर पाणी ओतून वायपर मिनिटभर चालवतो. मे महिन्याच्या भर उन्हात वायपर चालवणाऱ्या माणसाकडे शेजारी जरा विचित्र नजरेने पाहतात.